आधी कान, मग पुस्तक : शार्लट मेसन पद्धत कोकणात बसून शिकताना

दोन वर्षांपूर्वी जुलैत एका दुपारी मी माळ्यावरचा खोका खाली घेतला. झाकण उघडलं आणि बुरशीचा वास थेट डोक्यात गेला. आत परदेशातून मागवलेला घरशाळेचा, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवण्याचा, अख्खा संच होता. पुस्तकांच्या किमतीच्या जवळजवळ निम्मे पैसे टपाल आणि कस्टममध्येच गेले होते. वर्षभरात त्यातली मोजून चार पुस्तकं उघडली होती. निसर्गाच्या पुस्तकात सांगितलं होतं की फेब्रुवारीत मुलांना घेऊन बर्फातून डोकं वर काढणारी पांढरी फुलं शोधायला जा. आमच्याकडे फेब्रुवारीत काजूला बोंडं लागलेली असतात आणि पोरं चिकाने हात भाजून घेत असतात.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मुलगी साडेआठ वर्षांची आहे, धाकटा पाच वर्षांचा. घरशाळेचं हे तिसरं वर्ष, आणि पद्धत शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेची. पहिल्या वर्षी मुलीला शिकवलं त्याहून जास्त वेळ मी 'कसं शिकवावं' यावरची पुस्तकं, व्हिडिओ आणि याद्या गोळा करण्यात घालवला. तुमचा तो वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहिते आहे. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनाही पायरी ३ पासून पुढचं बरंचसं वापरता येईल. संध्याकाळचा अर्धा तास आणि रविवारची सकाळ एवढं पुरतं.

सुरुवातीला काय लागेल

- मेसनबाईंच्या मूळ पुस्तकांपैकी एक (कुठलं ते पायरी २ मध्ये)
- जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व, जमल्यास दोन कार्डं
- कोऱ्या पानांच्या दोन जाड वह्या, एक मुलाची आणि एक तुमची
- दुरेघी वही, पेन्सिली, साधा जलरंगांचा डबा, एक बरा ब्रश
- कालनिर्णय किंवा कुठलंही तिथी दाखवणारं कॅलेंडर (का ते पुढे येईलच)
- पत्र्याची पेटी. थट्टा नाही, खरंच लागते.

१. पद्धत म्हणजे काय ते एका बैठकीत समजून घ्या

शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षिका. १८९२ मध्ये त्यांनी अँबलसाइड या गावी मुलांना शिकवणाऱ्या स्त्रियांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. घरी शिकवणाऱ्या आयांना टपालाने अभ्यासक्रम पाठवण्याची व्यवस्थाही त्यांच्या संघटनेने उभी केली. त्यांचं सगळं शिक्षण एका वाक्यावर उभं आहे : मूल जन्मतःच पूर्ण माणूस असतं. म्हणून त्याला चावून मऊ केलेला घास द्यायचा नाही, चांगलं पुस्तक द्यायचं.

बाकी सगळं यातूनच निघतं. विषयावर जीव असलेल्या माणसाने लिहिलेली 'जिवंत पुस्तकं' वाचायची. एकदाच वाचायचं, आणि लगेच मुलाने ते आपल्या शब्दांत सांगायचं. लहान मुलांचा एक पाठ पंधरा-वीस मिनिटांचा. सहा वर्षांआधी औपचारिक अभ्यास नाही. रोज भरपूर वेळ घराबाहेर. चित्र, कविता, संगीत आणि हातकाम हे सणासुदीचे पाहुणे नसून रोजच्या जेवणातले पदार्थ.

तुम्हाला वाटेल यात नवीन काय? मलाही तसंच वाटलं होतं. अनुलेखन, श्रुतलेखन, पाठांतर, गोष्ट ऐकून सांगणं, यांतला एकही शब्द आपल्याला परका नाही. फरक ते वापरण्यात आहे. आपल्याकडे अनुलेखन म्हटलं की दहा ओळी आणि दुखणारी बोटं. मेसनबाईंच्या घरात दोनच ओळी, पण एकही अक्षर कामचलाऊ नको.

एक घोळ इथेच मिटवते. माँटेसरी आणि मेसन या पद्धती वेगळ्या आहेत. दोघींना मुलांविषयी आदर असला, तरी माँटेसरी पद्धतीत खास बनवलेली साधनं मध्यभागी असतात, मेसन पद्धतीत पुस्तकं आणि निसर्ग. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये उत्तर कोकणातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. त्याची मुळं माँटेसरीत होती, पण महागड्या साधनांच्या जागी त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपले आणले. आपल्या किनाऱ्यावर बसून परदेशी पद्धत आपलीशी कशी करायची हे पाहायचं असेल तर त्या दोघींबद्दल जरूर वाचा.

२. शिकण्यासाठी मूळ पुस्तक धरा, आणि तेही एकच

मेसनबाईंचे सहा खंड आहेत. त्यांचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे सगळे खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इथेच पहिला सापळा आहे : फुकट आहेत म्हणून सहाही उतरवून घ्यायचे आणि एकही वाचायचा नाही.

मूल नऊ वर्षांच्या आतलं असेल तर पहिला खंड, 'होम एज्युकेशन' (१८८६). मूल मोठं असेल, किंवा 'आधी पूर्ण नकाशा दाखवा' असा तुमचा स्वभाव असेल, तर सहावा. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये आला, आणि त्यात आयुष्यभराच्या कामाचं सार आहे. चौथा खंड मोठ्या मुलांना उद्देशून लिहिलेला आहे, तो नंतरसाठी ठेवा. बाकीचे सध्या विसरा.

भाषा व्हिक्टोरियन इंग्रजी आहे. लांबलचक वाक्यं, मध्येच बायबल. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, आणि पहिली वीस पानं वाचायला मला दोन आठवडे लागले. मग एक युक्ती सापडली. रोज फक्त दोन-तीन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि काय कळलं ते माझ्या वहीत मराठीत लिहायचं. पुस्तकाकडे परत बघायचं नाही. आठवड्याभरात लक्षात आलं की मुलीला जे करायला सांगायचं होतं तेच मी स्वतः करते आहे. सगळं डोक्यात राहत नाही, निसटतं, चिडचिड होते, हे आपण अनुभवलं की मुलावर डाफरणं आपोआप कमी होतं.

इंग्रजी अगदीच जड जात असेल तर आधी गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' वाचा. मराठीत मिळतं, आणि एका रविवारात संपतं. ते मेसन पद्धतीवरचं नाही. पण गोष्ट सांगणाऱ्या मास्तराच्या वर्गात काय घडतं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. घरातल्या साशंक माणसांच्या हाती द्यायलाही तेच बरं. आमच्या सासूबाईंनी ते वाचलं आणि "हे तर आमचे गुरुजी करायचे" म्हणून बाजूला ठेवलं. विरोध तेव्हापासून मावळला.

'मेसन पद्धत सोपी करून सांगणाऱ्या' पुस्तकांचा, व्हिडिओंचा आणि विकतच्या कोर्सेसचा बाजार मोठा आहे. त्यातलं काही खरंच चांगलं आहे. पण मूळ खंडाची निदान शंभर पानं होईपर्यंत त्यातलं काहीही विकत घेऊ नका. नाही तर कोणाचं मत बाईंचं आणि कोणाचं त्या दुकानाचं हे कळत नाही.

३. सहा आठवडे फक्त तीन गोष्टी करा

पद्धत वाचता वाचताच सुरुवात करा. वाचन आणि कथन, दोन ओळींचं अनुलेखन, आणि रोज बाहेर जाणं. गणित जसं चालू आहे तसं चालू द्या, त्याला हात लावू नका.

कथनाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक जण इथेच सोडून देतात. एक-दोन पानांचा प्रसंग वाचा आणि "सांग बरं" एवढंच म्हणा. मूल सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. "आणि मग? त्याचं नाव काय होतं?" असे प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा, कथन नव्हे. चुकलं तरी शेवटपर्यंत थांबा. "परत वाच ना" म्हटलं तरी परत वाचू नका. परत वाचलं जाणार आहे हे एकदा कळलं की मूल पहिल्या वेळी ऐकतच नाही. बोलीत सांगितलं तर बोलीत सांगू द्या. प्रमाणभाषा अनुलेखनातून येईल, तिला वेगळं आमंत्रण नको.

पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीचं कथन असं होतं : "एक माणूस होता. तो गेला. संपलं." हे अगदी नेहमीचं आहे. घाबरू नका आणि पुस्तकही बदलू नका.

४. दुसऱ्यांच्या याद्या वाचा, पण सांगाडाच उचला

इंग्रजीत 'अँबलसाइड ऑनलाइन' नावाचा संपूर्ण अभ्यासक्रम फुकट उपलब्ध आहे. वर्षवार पुस्तकं आणि आठवड्यांचं वेळापत्रक सगळं तयार. वर्षाचे ३६ आठवडे, १२-१२ आठवड्यांची तीन सत्रं. हा सांगाडा सोन्यासारखा आहे, तो घ्याच. आठवड्याला एक चित्रकार आणि एक कवी असं न करता एका सत्रात एकच चित्रकार, एकच कवी ही कल्पनाही तिथूनच घ्या.

पुस्तकांची यादी मात्र जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात इंग्लंड-अमेरिकेचा इतिहास आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांचं वाचन मध्यभागी आहे, आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. आपण त्या प्रत्येक खणात आपलं काय बसतं ते पाहायचं. मी कागदाचे दोन रकाने केले. डावीकडे त्यांचा खण ('आपल्या देशाच्या इतिहासातल्या गोष्टी', 'एका ठिकाणचा भूगोल', 'एक चरित्र', 'पुराणकथा'), उजवीकडे आपलं पुस्तक. उजवा रकाना भरायला मला चार महिने लागले. काही खण अजून रिकामे आहेत. मुलांसाठी मराठीत लिहिलेला जगाचा इतिहास, कंटाळा न आणणारा, मला अजून मिळालेला नाही. तिथे सध्या इंग्रजी पुस्तकच वाचते आणि वाचता वाचता मराठी करून सांगते.

५. मराठी पुस्तक पारखायचं कसं

हीच खरी पायरी आहे. मेसनबाईंच्या पद्धतीत निकस, गुळमुळीत, मुलांना कमी लेखणाऱ्या पुस्तकांना अजिबात थारा नाही. मराठीत आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : पाणचट.

ओळखायचं कसं, ते एका उदाहरणाने सांगते. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं बालपण दापोलीजवळच्या मुरुडला गेलं. त्यांच्यावरची मुलांसाठीची पुस्तिका मी एका प्रदर्शनात घेतली होती. तिच्यात अशा धर्तीची वाक्यं होती : 'ते लहानपणापासून कष्टाळू व जिद्दी होते. त्यांनी अनेक संकटांवर मात केली.' मुलीला वाचून दाखवलं. सांग म्हटल्यावर म्हणाली, "ते चांगले होते." तिची काय चूक? पुस्तकात तेवढंच होतं.

मग वाचनालयातून कर्व्यांचं स्वतःचं 'आत्मवृत्त' आणलं. परीक्षा द्यायची म्हणून हा मुलगा मुरुडहून निघाला आणि घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथे पोचल्यावर वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. भाषा जुनी, काही शब्द मलाही अडले. मी एवढाच प्रसंग वाचला आणि थांबले. ती काही बोलेना. मग विचारलं, "परत पण चालतच आले?" आणि त्यानंतर पाच मिनिटं थांबली नाही. कुंभार्ली घाट एसटीने चढताना तिला दर वेळी उलटी होते, त्यामुळे घाट पायी चढणारा मुलगा तिने थेट आपल्या ओळखीत जमा केला. 'जिद्दी' हा शब्द आत्मवृत्तातल्या त्या प्रसंगाला लागलाच नाही.

तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी एवढं करा :

मधलंच कुठलंही पान उघडा आणि मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचलेलं फसवतं, कान फसत नाही. दम कुठे लागतो, जीभ कुठे अडखळते, वाक्याला चाल आहे का ते ऐका. मग पुस्तक मिटून स्वतः सांगून पाहा. सांगण्यासारखा एकही प्रसंग, एकही वस्तू, एकही माणूस आठवत नसेल तर पुस्तक परत ठेवा. धड्याच्या शेवटी 'यावरून आपण काय शिकलो' असेल तर शंका घ्या. प्रत्येक पानावर पाच रंग आणि तीन उद्गारचिन्हं असतील तरी शंका घ्या. आणि पुस्तक तुम्हालाच कंटाळवाणं वाटत असेल तर मुलाला ते आवडेल अशी आशा करू नका.

उलट चूकही होते, तीही मी केली आहे. जुनं ते सगळं जिवंत असं नसतं. कठीण संस्कृतप्रचुर मराठी म्हणजे सकस मराठी, असंही नाही. आठ वर्षांच्या मुलापुढे जाडजूड ऐतिहासिक कादंबरी ठेवून आपणच हट्ट धरला तर पुस्तकावरचा जीव उडतो तो उडतोच.

भाषांतरांबाबतही कानाचाच कौल घ्या. 'तोत्तोचान' या जपानी पुस्तकाचं मराठी भाषांतर आमच्याकडे तीनदा वाचून झालं. काही भाषांतरांत मात्र मूळ इंग्रजी वाक्य मराठी कपडे घालून उभं असतं. एक पान मोठ्याने वाचलं की लगेच कळतं.

६. पुस्तकं मिळवायची कुठून

कोकणात राहतो म्हणून पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार मीही दोन वर्षं केली. खरं म्हणजे वाचनालयांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांतून ते पुन्हा उभं राहिलं आहे. तालुक्याच्या वाचनालयात गेलात तर बालविभागाच्या कपाटावर थांबू नका. चरित्र, प्रवासवर्णन आणि निसर्ग ही कपाटं बघायची परवानगी मागा. आपल्याला हवी ती पुस्तकं बहुधा तिथे मागच्या रांगेत, तपकिरी कागदी वेष्टणात असतात.

फुकट मिळणाऱ्यांत 'किशोर' मासिक सर्वांत वर. बालभारतीने ते १९७१ मध्ये सुरू केलं, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतात. जुन्या अंकांतली चित्रं आणि कथा बघाच, आजच्या कित्येक चकचकीत पुस्तकांना ती भारी पडतील. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. नुकतं वाचू लागलेल्या मुलाला सरावासाठी त्या ठीक, कथनासाठी त्यातल्या मोजक्याच. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान आणि शिक्षणावरची मराठी पुस्तकं आहेत. तुम्हाला काही अडलं तर मराठी विश्वकोशही आहेच.

विकत घ्यायचंच असेल तर माधुरी पुरंदरे यांचं 'वाचू आनंदे' घ्या. निवडक मराठी साहित्याचे उतारे आणि सोबत भारतीय चित्रकला, म्हणजे आपले दोन खण एकाच पुस्तकात भरले.

छापून घेण्याविषयी : आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, कर्वे १९६२ मध्ये. त्यांचं लेखन आता मुक्त आहे आणि तुम्ही निर्धास्त छापू शकता. हयात लेखकाचं पुस्तक कोणी पीडीएफ करून फिरवलं तर ते घेऊ नका. मराठीत मुलांसाठी लिहिणारे आधीच थोडे.

७. निसर्गाची वही : इथे पुस्तक शेवटी येतं

या खणासाठी मी सर्वांत जास्त पैसे घालवले आणि सर्वांत कमी गरज होती. परदेशी निसर्ग-पुस्तकांतली फुलं आपल्याकडे नाहीत, त्यांचे चार ऋतूही आपले नाहीत. पद्धत एवढीच : आठवड्यातून निदान एकदा काहीतरी जवळून बघायचं, त्याच दिवशी वहीत काढायचं, तारीख आणि जागा लिहायची. चित्र सुंदर यायला हवं असं काही नाही.

आमच्या वहीतलं थोडं सांगते, म्हणजे अंदाज येईल. जूनमध्ये पहिल्या सरींनंतर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, दिपकाडीची फुलं. ऑगस्टच्या शेवटी त्याच सड्यावर सीतेची आसवं. निळीजांभळी, नखाएवढी फुलं, आणि हे झाड बारीक जीव पकडून खातं हे कळल्यावर धाकटा त्याच्याजवळ बोट न्यायला तयार होईना. थंडीत सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं. हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी, वेळास, आंजर्ले आणि आमच्या गुहागरलाही. पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळाली तर त्या दिवशी दुसरा कुठलाच पाठ नको. खाडीकडेला तिवर, कांदळ आणि चिपी ही तीन झाडं नुसती वेगळी ओळखायला आम्हाला एक हिवाळा लागला.

आणि भरती. शेजारच्या एका म्हाताऱ्या खलाशाने मुलीला हिशोब शिकवला : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात. शुद्ध असो वा वद्य, दिवसाची असो वा रात्रीची. तिने कॅलेंडर घेऊन पंधरवडाभर पडताळा घेतला, पाण्याच्या रेषेला काठी रोवून. काही मिनिटं इकडेतिकडे झाली, तेव्हा ती का झाली यावर आमचे तीन दिवस गेले. पाऊणकीचा पाढा तिला याआधी कधीच पाठ होत नव्हता.

संदर्भाला एक पक्ष्यांचं पुस्तक पुरे. तुमच्या स्वतःच्या वाचनासाठी दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या, महिना उलटला की त्या महिन्याचा लेख. मुलांना सांगायला सलीम अलींची गोष्ट आहे : १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचं बारकाईने निरीक्षण केलं, आणि त्यातून त्या पक्ष्याच्या घरट्यांचं गणित उलगडलं. ही गोष्ट सांगितली तेव्हापासून आमच्या विहिरीवरच्या सुगरणींना निवांतपणा नाही.

८. चित्र, कविता, हातकाम

चित्रांसाठी एका सत्रात एकाच चित्रकाराची सहा चित्रं पुरेत. राजा रविवर्मा, धुरंधर, कोणीही चालेल. आपल्या दारातलं हवं असेल तर कुडाळजवळच्या पिंगुळीची, चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची चित्रकथी परंपरा आहे. चित्र दोन-तीन मिनिटं बघायचं, पालथं घालायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. कवितेसाठी बालकवी, केशवसुत, विंदा. केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड, गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारी, आणि तिथे त्यांचं स्मारक आहे. कविता पाठ करून मगच तिथे जा, आधी नको. हातकामासाठी साहित्य विकत आणू नका. माडाच्या हिरांचा खराटा बांधणं, झावळ्या विणणं, गोधडीचे टाके हे शिकवणारी माणसं तुमच्या वाडीतच आहेत, आणि त्यांना कोणी विचारत नाही म्हणून ती गप्प आहेत. मात्र काम खरं उपयोगाचं हवं. आइस्क्रीमच्या काड्यांची घरं मेसनबाईंना चालली नसती, मलाही चालत नाहीत.

९. कागदपत्रांची फाइल

कंटाळवाणं आहे, पण पहिल्या दिवसापासून करा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे त्याच्या कलम १० मध्ये पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही, आणि घरशाळेची वेगळी तरतूदही नाही. हे माहीत असूनच निर्णय घ्या. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येतात. त्यांच्याशी भांडू नका, ते त्यांचं काम करत असतात. चहा द्या आणि फाइल दाखवा.

फाइलमध्ये काय असावं :

- जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड
- मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला. एका शाळेत आमचा दाखला 'देतो, देतो' करत सात महिने रखडला. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या.
- वाचलेल्या पुस्तकांची तारीखवार यादी
- दर सत्राची दोन-तीन कथनं, तुम्ही लिहून घेतलेली किंवा मुलाने लिहिलेली
- निसर्ग-वहीच्या काही पानांच्या प्रती

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिथे किमान वय १४. दुसरी वाट राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या अर्जाची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याची. नियम आणि तारखा दर वर्षी अधिकृत सूचनेतच बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

१०. पावसाळ्याआधी

हे कुठल्याच परदेशी मार्गदर्शकात मिळणार नाही. जून ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क या दोन्हींचा भरवसा धरू नका. पहिल्या सत्राचं जे काही छापायचं असेल ते मेच्या मध्यापर्यंत छापून घ्या. जून उजाडला की झेरॉक्सच्या दुकानात दाखल्यांच्या प्रती काढणाऱ्यांची रांग लागते आणि तुमच्या दोनशे पानांकडे दुकानदार रागाने बघतो. पुस्तकं भिंतीला टेकून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नाही. मेच्या उन्हात एकदा उघडी करून वाळवा, पण थेट उन्हात नव्हे, पडवीत. मग पत्र्याच्या पेटीत, मध्ये वेखंडाचे तुकडे. कडुलिंबाची पानं टाकायची तर पूर्ण वाळलेली टाका. मी ओलसर टाकली होती आणि कसरीऐवजी बुरशी पाळली. चालू महिन्याची चार पुस्तकं तेवढी बाहेर ठेवायची, चुलीच्या किंवा गॅसच्या ओट्यापलीकडच्या फडताळात, तिथे हवा कोरडी राहते. वाचनालयाचं पुस्तक एसटीने नेताना प्लास्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक, तोंडं उलट दिशांना.

त्या परदेशी संचातली वाचण्याजोगी उरलेली पुस्तकं मी उन्हं दाखवून एका मैत्रिणीला देऊन टाकली. एकच ठेवलं, सर्वांत जाड, कलाकुसरीच्या कव्हराचं. सड्यावरची फुलं त्याच्यात फार सपाट दाबली जातात.